पेटीला म्हणावं

“म्हणावं, कवडी गेली.”

चव्वेचाळीस वर्षं झाली, पण तो आवाज माझ्या कानात अजून तसाच आहे. ओसरीवरून आलेला, खाली मान घालून काढलेला, मध्येच खोकल्यानं अडलेला. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. हात पिठातच राहिले. आवाज मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. निरोप मला होता, पण मला म्हणून सांगितलेला नव्हता.

आमच्या सायळीच्या मुऱ्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या वाडीत, सासरा सुनेशी बोलत नसे. घर दोन खणांचं, उभं राहिलं तर एकमेकांचा श्वास ऐकू येईल एवढं; पण शब्द जायचा तो तिसऱ्या माणसाला वळसा घालून. मामंजी ओसरीवरून म्हणायचे, “म्हणावं, पाणी तापलं का.” आत्याबाई, माझ्या सासूबाई, माझ्याकडं वळायच्या, “पाणी तापलं का गं?” मी म्हणायची, “तापलं म्हणावं.” त्या तिकडं वळायच्या, “तापलं.” चार वर्षं असं चाललं. दसरा झाला आणि आठव्या दिवशी आत्याबाई गेल्या. मधलं माणूस गेलं, पण ते ‘म्हणावं’ मात्र मागं राहिलं. मामंजी खांबाला सांगायचे, मांजराला सांगायचे, कधी नुसत्या दाराला. दारापलीकडं मी असायची.

कवडी ही आत्याबाईंची कोंबडी. काळी, आणि अंगभर कवड्या उधळल्यासारखे पांढरे ठिपके. त्या गेल्यावर घरात त्यांचं म्हणावं असं जितंजागतं तेवढंच उरलं होतं. गेल्या रविवारी ती खुडूक झाली म्हणून मीच तिला रवणाला बसवलं होतं. फुटकं टोपलं, त्यात भाताचं पेंढं, वर अकरा अंडी, आणि ढगाच्या गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून एक कोळसा. आत्याबाई करायच्या तसंच सगळं. आज बुधवार.

मी पदर सावरून बाहेर आले. मामंजी अंगणात उकिडवे बसले होते. पुढ्यात कवडी. मुंगसानं मान धरली होती. पिसं पार तुळशीपर्यंत गेली होती. टोपल्यातली अंडी तशीच होती. मी वाकून हात लावला. अजून गरम होती.

“म्हणावं, टोपलं चुलीमागं न्या,” मामंजी तुळशीला म्हणाले.

मी टोपलं चुलीमागच्या उबदार राखेवर ठेवलं, वर घोंगडं टाकलं. शेजारच्या चंद्राक्काकडं पळत गेले. तिच्या कोंबड्या सगळ्या अंगणात उंडारत होत्या. साऱ्या मुऱ्यावर दुसरी खुडूक कोंबडी नव्हती.

“खाऊन टाका गं,” चंद्राक्का म्हणाली. “तशी बी शुक्रवारी तू चाललीसच की. तुझा दादा येतोय ना न्यायला? मग पिल्लं कोण राखणार, म्हातारा?”

ते खरं होतं. खाशाबादादाचं पत्र आलं होतं, शुक्रवारी येतो, बोचकं बांधून ठेव म्हणून. कारण साधं होतं. घरात म्हातारा सासरा आणि तरणी सून, मधे कुणी नाही. लोकांना ते बघवत नव्हतं. माझा नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. दोन वर्षांत तो घरी आला एकदाच, आईच्या दिवसांना. बारा दिवस ओसरीवर निजला. माझ्याशी बोलला ते ‘पाणी दे’ आणि ‘येतो’, एवढंच. लेकरू नव्हतं. माहेरी गेले असते तर दोन वेळचं खायला मिळालं असतं, भावजयीचं मनही वाईट नव्हतं. पण माझ्या मनानं एकच धरलं होतं. मी या घरात भाकरी थापते तोवर मी त्याची बायको. एकदा उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं, की मला परत आत घ्यायला कोण होतं?

मी परत आले तर ओसरीवर ठोकाठोकी चालू होती.

मामंजी मधपाळ. जांभळाचा मध, कारवीचा मध, डोंगरातल्या सगळ्या फुलांच्या तारखा त्यांना पाठ. आत्याबाई आजारी पडल्या तेव्हापासून त्यांनी माशांकडं बघितलं नव्हतं. वसाहती एकेक करून उडून गेल्या होत्या, आणि पडवीत रिकाम्या मधपेट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. त्यातल्याच एका पेटीला त्यांनी बाहेरून फळ्यांचा दुसरा खोका केला होता आणि दोन्हींच्या मधल्या फटीत भाताचं तूस दाबून दाबून भरत होते.

“म्हणावं, तुसाचं आणखी एक सूप लागंल,” ते पेटीलाच म्हणाले.

मी सूप भरून आणून खांबाजवळ ठेवलं.

मधाचे डबे कथलाचा डाख देऊन बंद करायचा त्यांचा हात होता. तेलाचा चौकोनी डबा उभा चिरून त्यांनी त्याची चपटी टाकी केली, पाणी भरलं, आणि ती पेटीच्या तळाशी अशी बसवली की एक टोक वीतभर बाहेर राहिलं. त्या बाहेरच्या टोकाखाली रॉकेलची चिमणी. चिमणीनं टोकाचं पाणी तापणार, तापलेलं पाणी आत सरकणार, धूर मात्र बाहेरच. टाकीवर पेंढ्याचा थर, त्यावर जुन्या धोतराचं फडकं, कोपऱ्यात ओल धरायला पाण्याची वाटी. मी दारामागून बघत होते. विचारावंसं वाटत होतं, हे चालेल का. पण कुणाला विचारणार?

शेवटी मी वाटी पेटीत ठेवता ठेवता म्हटलं, “पेटी किती गरम ठेवायची म्हणावं.”

मामंजींनी हातोडी खाली ठेवली. पेटीकडं बघूनच म्हणाले, “कवडीच्या पोटाखाली मी हात घालून बघितलाय. माणसाच्या अंगात जराशी कसर असती ना, तेवढं. म्हणावं, सिस्टरबाईकडनं ताप बघायची कांडी मागून आणा.”

असं आमचं बोलणं सुरू झालं. पेटी मध्ये होती.

दवाखान्यातून दर आठवड्याला मुऱ्यावर येणाऱ्या सिस्टरबाईंनी एक जुनी काचेची कांडी दिली. हसल्या आणि म्हणाल्या, “कोंबड्यांना ताप आलाय व्हय?” दुपारी कांडी पेटीत ठेवली. चिमणीची वात कमी-जास्त करता करता शंभरावर आली, तेव्हा मामंजींनी अकरा अंडी एकेक करून आत ठेवली. मी प्रत्येकाच्या एका अंगाला कोळशाची फुली काढली, दुसऱ्या अंगाला गेरूचा ठिपका. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते. आम्हाला दिवसातून तीनदा हातानं फिरवायची होती. सकाळी फुली वर, दुपारी ठिपका, सांजेला फुली, आणि दुसऱ्या दिवशी उलटं.

शुक्रवारी दादा आला. पेटीपुढं उभा राहून बराच वेळ बघत राहिला.

“तात्या,” तो मामंजींना म्हणाला, “हे काय मांडलंय?”

“कोंबडी मेली. अंडी उबवतोय.”

“मी बहिणीला न्यायला आलोय.”

“न्या की. पण अंडी आता सहा दिसांची झाली. मधीच सोडली तर जीव जातील त्यांचे. एकवीस दिस भरू द्या.”

“म्हणजे अजून पंधरा दिस?”

“हिशोब पक्का हाय तुमचा,” मामंजी म्हणाले.

दादानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. “तुला थांबायचंय?”

“अंडी एकट्या माणसाच्यानं फिरवायची न्हाईत,” मी म्हटलं. “तीनदा फिरवावी लागतात.”

“तीनदा,” दादा म्हणाला. “बहीण अंडी फिरवती म्हणून माहेरला येईना, असं गावात सांगू काय मी?” तरी त्यानं चहा घेतला, आणि एकवीस दिवसांचा रविवार उलटला की सोमवारी येतो म्हणून निघून गेला. पंधरा दिवस मला असे मिळाले. पंधरा दिवसांत सुरतेहून माणूस येऊ शकतो. मी तेवढंच मोजत होते.

ते दिवस चांगले गेले, हे मला आता सांगायला हरकत नाही. मामंजी पेटीला सांगायचे, “आज गार वारं सुटलंय, म्हणावं, वात जरा वर करा.” मी पेटीला म्हणायची, “वात वर केलीय, आता कालवण गार होतंय म्हणावं, जेवून घ्या.” एकदा ते म्हणाले, “पेटीला म्हणावं, कालवणात मीठ पडलं न्हाई.” मी म्हटलं, “पेटीला म्हणावं, मिठाचा वाडगा हाताशी हाय.” ते खोकले. तो खोकला नव्हता, हसू होतं, ते मला त्या घरात चार वर्षं काढल्यावर तेव्हा कळलं.

आत्याबाई जात्यावर ओव्या म्हणायच्या. मी त्यांच्यासारखी गळ्याची नव्हे, पण अंडी फिरवताना तोंडात शब्द यायचे. कोंबडी कशी आपल्या अंड्यांशी पुटपुटत असते, तसं काहीतरी. एक मी केली होती.

*मधाची गं पेटी, मधमाशी गेली दूर*
*उबेच्या उंबऱ्याला अंड्यांनी बांधलं घर*

मामंजी ओसरीवर विळा पाजळत बसलेले असायचे. मी गप्प झाले की विळ्याचा आवाजही थांबायचा. मी परत सुरू केली की तोही सुरू व्हायचा.

मग नवव्या दिवशी अंडी बघायचं ठरलं. माजघराच्या दाराच्या फळीची एक गाठ निखळून पडली होती, आणि सकाळी त्या भोकातून उन्हाचा एकच किरण आत यायचा, दोरीसारखा. दार लावून घेतलं. मी अंडं द्यायची, मामंजी ते भोकाशी धरायचे. पहिल्याच अंड्यात मला लाल शिरा दिसल्या, पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या, आणि त्यात एक ठिपका हलला. मी तोंडावर पदर धरला. दुसरं, तिसरं, सगळी तशीच. आठवं अंडं धरलं तर आरपार स्वच्छ उजेड.

मामंजींनी ते पुन्हा पुन्हा फिरवलं. “म्हणावं, हे गार हाय.”

मी हात पुढं केला नाही.

“ज्यात जीव धरला न्हाई,” ते भोकातल्या उजेडाकडं बघत म्हणाले, “ते किती दिस उबेला ठेवायचं. कवा ना कवा बाहेर काढावंच लागतंय.”

आमच्या बोलण्याची रीतच तशी होती. खांबाला सांगितलेलं माझं असायचं, मांजराला सांगितलेलं माझं असायचं, दाराला, तुळशीला, पेटीला सांगितलेलं सगळं माझंच. चार वर्षांत माझे कान तेच शिकले होते. आणि गार हा शब्द, लेकरू न झालेल्या बाईला लावतात तो, पाणवठ्यावर माझ्या पाठीमागं कितीदा आला होता. मग हाही माझ्यासाठीच होता.

मी म्हणून गेले, “पेटीला म्हणावं, ऊबच मिळाली न्हाई तर जीव कुठनं धरंल.”

मामंजींचा हात त्या किरणातच राहिला. अंडं उजळलेलं, बोटं लाल दिसत होती. मग त्यांनी ते अंडं माझ्या बाजूला न देता स्वतःजवळ ठेवलं, उरलेली तीन न बघताच पेटीत ठेवली, काठी घेतली आणि डोंगराकडं निघून गेले. ऊन कलल्यावर परतले. मी भाकरी झाकून ठेवली होती, ती खाल्ली.

सांजेला मी अंडी फिरवायला गेले, तर पेटीत अकरा होती. गार अंडं परत त्याच्या जागी होतं, फुली वर करून.

त्यानंतर तीन दिवस घरात शब्द नाही. ना पेटीला, ना खांबाला. सकाळची पाळी ते करायचे, सांजेची मी. दुपारी जो आधी येईल तो. मी दर वेळी कांडी बघायची. शंभर. पुन्हा बघायची. शंभर. सगळं ठीक होतं. चिमणीत रॉकेल घालायचं काम मामंजींचं की माझं, हे काही ठरलेलं नव्हतं. एरवी पेटीला म्हटलं असतं की कळलं असतं.

चौथ्या दिवशी दुपारी फडकं बदलायला म्हणून मी टाकीवर हात टेकला आणि हात तसाच राहिला. पत्रा गार होता. वाकून बघितलं तर चिमणी विझलेली, वातीवर काजळीसुद्धा वाळून गेलेली. अंड्याला हात लावला. ओढ्यातल्या गोट्यासारखं. कांडी काढून उजेडात धरली. शंभर.

मी ओरडले नाही, पण भांडं पडलं असावं. मामंजी आत आले. कांडी घेतली, एक अंडं उचलून मिटलेल्या पापणीला लावलं, मग पुन्हा कांडीकडं बघितलं. कांडी त्यांनी हवेत धरली, दारात नेली, गार पाण्यात बुडवली. शंभर.

मला सिस्टरबाई आठवल्या. कुणाच्याही तोंडात कांडी घालायच्या आधी त्या ती हवेत जोरात झटकायच्या. मी हात करून दाखवला, तसा. मामंजींनी कांडी झटकली. पारा सर्रकन खाली गेला.

“पहिल्या दिशी चढली ती चढलेलीच,” ते हळू म्हणाले. “ताप उतरला तरी ही उतरत न्हाई. झटकल्याबिगर हिला कळतच न्हाई.”

मग ते माझ्याकडं वळले. पेटीकडं नाही, माझ्याकडं.

“पोरी, चुलीपाशी बस. ओटी पसर.”

मी बसले. पदराची ओटी केली. त्यांनी अकरा अंडी दोन-दोन करून माझ्या ओटीत ठेवली, तोंड दुसरीकडं वळवून, हातांनीच अंदाज घेत. वरून घोंगडं टाकलं. मग हंड्याखाली जाळ सारला, टाकीतलं गार पाणी ओतून दिलं आणि कढत पाणी भरू लागले. पोटाशी अंडी आधी बर्फासारखी लागत होती. हळूहळू ती माझीच ऊब मला परत देऊ लागली. माझी ओटी या घरात एकदाच भरली होती, लग्नात, खोबऱ्या-तांदळानं.

तेवढ्यात दारात चंद्राक्का. मी घोंगडं पांघरून, दोन्ही हात पोटाखाली धरून, चुलीला चिकटलेली.

“अगं अंजिरा, काय झालं? पोट दुखतंय व्हय?”

मी काही बोलायच्या आत मामंजी हंड्यामागून म्हणाले, “न्हाई. खुडूक बसलीय.”

चंद्राक्काच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली. सासऱ्यानं सुनेची थट्टा केलेली तिनं जन्मात ऐकली नसावी. मला हसू आवरेना, आणि हसले तर अंडी एकमेकांवर आपटतील म्हणून मी ओठ दाबून धरले, डोळ्यांतून पाणी आलं. चंद्राक्का म्हणाली, “बसा बाई, बसा,” आणि उलट्या पावली गेली. सांजेच्या आत ते सगळ्या मुऱ्यावर पोचलं.

त्या दिवसापासून मामंजी पुन्हा पेटीला सांगू लागले. पण आता मध्येच थांबायचे, पेटीकडं तोंड करून गप्प बसायचे, जणू काही आणखी सांगायचं आहे आणि पेटीला ते पेलणार नाही. मी विचारायची, “काय म्हणावं?” ते म्हणायचे, “काय न्हाई. वाटीतलं पाणी बदला.”

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद केलं. रविवारी एकवीस भरले. पेटी गप्प. मी कान लावून बसले, मामंजी कान लावून बसले. सोमवार उजाडला, तरी गप्प. दुपारच्या गाडीनं दादा आला.

त्यानंही पेटीला कान लावला. “गार झाली, तात्या,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “एवढं केलंत ते बघितलं मी. पण आता झालं की न्हाई?”

“एक दिस थंडी बसली होती त्यांना,” मामंजी म्हणाले. “उशीर हुईल. सांजपर्यंत बघू.”

“चारची गाडी हाय.”

मी आत जाऊन लुगडी घड्या करायला लागले. एक घडी केली, मोडली, परत केली. ओसरीवर दोघं पुरुष बसले होते. आणि मग मी तो आवाज ऐकला. बारीक, दूर कुठं दुसऱ्या गावात कुणी हाक मारतंय एवढा बारीक. दादानं पण ऐकला. तो उठून पेटीजवळ आला, गुडघ्यावर बसला, आणि एका अंड्याच्या फुलीपाशी चिमटीएवढी भेग दिसली तशी म्हणाला, “आयला.”

चारची गाडी गेली. दादा म्हणाला, “एक मुक्काम करतो.” मला वाटतं, त्या क्षणी त्यालाही ते बघायचं होतं.

मंगळवारी सकाळी पेटीत सात पिल्लं होती. चार काळी, दोन पिवळी, आणि एक काळं, त्याच्या पाठीवर पांढरे शिंपडे. बाकीची चार अंडी तशीच राहिली, त्यातलं एक ते स्वच्छ उजेडाचं. दादा ओढ्यावर आंघोळीला गेला होता. मी पेटीपुढं बसून तांदळाची कणी चिमटीनं टाकत होते. मामंजी खांबाला टेकून बसले होते.

“पेटीला म्हणावं,” मी म्हटलं, “पिल्लांना अजून महिनाभर ऊब लागती. दादाला सांगा.”

मामंजी उठले. पेटीबाहेर आलेल्या टाकीच्या टोकाखाली वाकले आणि फुंकर मारून चिमणी विझवली. आत अजून पुष्कळ ऊब होती. पिल्लं हललीही नाहीत. मग ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. इतक्या जवळ ते कधीच बसले नव्हते. त्यांच्या दाढीचे पांढरे खुंट मला दिसत होते.

“पिल्लं मी सांभाळीन,” ते म्हणाले. “तू दादाबरोबर जा.”

मीही पेटीकडं बघितलं नाही. “माझं काय चुकलं?”

“तुझं काय चुकायचंय.” त्यांनी हाताचे तळवे गुडघ्यांवर घासले. “त्या दिशी मी गार म्हणालो. तुला ते लागलं. हातात अंडं होतं माझ्या, पण डोळ्यापुढं माझाच पोरगा होता. त्याच्यात जीव न्हाई उरला या घरासाठी, आन् तू त्याला ऊब देत बसलीयस, हे मला दिसत होतं.”

एक पिल्लू माझ्या बोटावर चोच मारत होतं. मी बोट काढलं नाही.

“त्यानं तिकडं संसार मांडलाय,” मामंजी म्हणाले. “एक मुलगी हाय, वरसाची. आईच्या बाराव्याला आला तवा ओसरीवर मला सांगितलं, आन् तिला तुम्हीच सांगा म्हणून निघून गेला. तुझी आत्याबाई असती तर तिच्या तोंडून सांगितलं असतं. ती न्हाई, म्हणून मी खांबाला सांगायचं ठरवलं, मग पेटीला ठरवलं. रोज ठरवायचो. ते खोटं होतं, पोरी. मला सांगायचंच नव्हतं. सांगितलं असतं तर तू त्याच दिशी गेली असतीस, आन् मग या घरात मी कुणाशी बोललो असतो?”